अण्णांच्या कॉफीची नोंदवही

मिरजेत आमच्या गल्लीत सकाळी सहा वाजता घराघरांतून चहाचा वास येऊ लागतो. आमच्या घरातून मात्र कॉफीचा वास येतो, आणि त्याला कारण आमचे अण्णा. माझे वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते. त्या वेळच्या दक्षिण मध्य रेल्वेच्या हुबळी विभागात त्यांची सारी नोकरी झाली. लोंढा, धारवाड, बेळगाव अशा बदल्या होत राहिल्या. लोंढ्याच्या पावसात रात्रपाळी करताना जागे राहण्यासाठी त्यांनी फिल्टर कॉफी जवळ केली, आणि निवृत्तीनंतर ते मिरजेला आले तेव्हा सामानाच्या पेटीत पितळी फिल्टरही आला. आज अण्णांचे वय ८२ आहे आणि फिल्टर तोच आहे.

नोकरीने त्यांना दुसरी एक सवय लावली, ती नोंदीची. स्टेशनवर गाड्यांची नोंदवही असते. पुढच्या स्टेशनवरून गाडी कधी सुटली, आपल्याकडे कधी पोहोचली, हे मिनिटासह शाईने लिहायचे. खाडाखोड करायची नाही. चुकले तर एक आडवी रेघ ओढून शेजारी आद्याक्षरे करायची, म्हणजे चूकही वाचता आली पाहिजे. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, पण वही राहिली. अण्णा आपल्या कॉफीची नोंद ठेवू लागले. पूड कोणत्या दुकानाची, चिकोरी किती, पाणी किती आणि कॉफी कशी झाली, असे सारे ते लिहीत. अशा सात वह्या त्यांच्या कपाटात आहेत.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात लिहिताना थोडा कापू लागला. स्वतःचे अक्षर स्वतःलाच लागेना, तेव्हा त्यांनी वही मिटून ठेवली. माझी मुलगी पुण्याला संगणक क्षेत्रात काम करते. ती सुट्टीला आली असता आजोबांची वही बंद पडल्याचे तिच्या लक्षात आले. कॉफीच्या बिया आणि रोजची कॉफी यांची नोंद ठेवणारे ॲप असते, ते मी घरात बसवून देते, असे ती म्हणाली. अण्णांनी विचारले, "माझ्या नोंदी ठेवणार कुठं? फोनमध्ये?"

हा प्रश्न मला तेव्हा किरकोळ वाटला होता. पुढे तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला.

मुलीने त्यांना समजावले ते असे. आपण नेहमी वापरतो ती बरीचशी ॲप आपल्या नोंदी एखाद्या कंपनीच्या दूरवरच्या संगणकावर साठवतात. कंपनी बंद पडली, तिने नियम बदलले किंवा पैसे मागितले, तर नोंदी अडकतात. शिवाय त्या कोण वाचतो, कशासाठी वापरतो, हे आपल्याला दिसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे तेच काम करणारा, कोणालाही मोफत वापरता येणारा प्रोग्रॅम आपल्याच घरातल्या संगणकावर चालवायचा. या प्रकाराला 'सेल्फ-होस्टेड' म्हणतात. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक पुरतो. तो वीज फार थोडी खातो आणि दिवसरात्र चालू ठेवता येतो. घरातल्या वायफायवरून फोनमध्ये पान उघडायचे, नोंद करायची. ती घरातल्या त्या डबीत जाऊन बसते, आणि बाहेरच्या कोणाला ते पान उघडतच नाही.

अण्णांना हे पटले. "म्हणजे वही आपल्याच कपाटात," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कपाटात कशाला ठेवायची?" ती डबी टीव्हीच्या शेजारी, आईच्या फोटोखालच्या फळीवर बसवली.

घरची वही म्हटली की तिची राखणही आलीच. कंपनी जी कामे करते ती सारी आपल्याकडे येतात. वीज अचानक गेली तर नोंदी बिघडू शकतात, म्हणून डबीला बॅटरीचा आधार दिला. दर रविवारी नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढायची, हे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले, आणि सुमारे दीड वर्ष ते चुकले नाही.

ॲपमध्ये दोन भाग होते. पहिला बियांचा: बिया कुठल्या, अरेबिका की रोबस्टा, भाजल्याची तारीख, भाजणी हलकी की गडद, पाकिटात शिल्लक किती. दुसरा रोजच्या कॉफीचा: पूड किती ग्रॅम, पाणी किती, निथळायला लागलेला वेळ, चवीला पाचपैकी किती तारे, आणि खाली शेऱ्यासाठी मोकळी जागा. सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा वजनकाटा घरात आला. पुण्याहून नात कधी चिकमगळूरच्या, कधी कूर्गच्या, कधी आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या बिया पाठवू लागली. ताज्या भाजलेल्या बियांतून पहिले काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत असतो, म्हणून पाकीट लगेच उघडू नये, हे अण्णा आता शेजाऱ्यांना सांगत. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि चिकोरी हे एका झाडाचे मूळ असल्याने तिच्यात कॅफीन मुळीच नसते, हे मी त्यांना सांगितले.

त्यांचे शेरे वाचण्यासारखे असत. एकदा मॉन्सून्ड मलबार आली. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत या बिया पावसाळी वाऱ्यावर पसरून ठेवतात. त्या फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा कमी होतो. अण्णांनी लिहिले होते, "लोंढ्याच्या मालधक्क्यावर भिजलेल्या पोत्यांचा वास. त्यावर किंचित गूळ. वाईट नाही. ती असती तर एक चमचा साखर जास्त घातली असती." ती म्हणजे आमची आई. तिला जाऊन चार वर्षे झाली. जेवताना अण्णा असे शेरे मोठ्याने वाचून दाखवीत, म्हणून ते मला ठाऊक.

डॉक्टर म्हणून मला या नोंदींचा पहिला उपयोग झाला तो त्यांच्या झोपेसाठी. रात्री एक वाजेपर्यंत झोप लागत नाही, ही त्यांची तक्रार होती. मी विचारले की ते म्हणत, "कॉफी मी दोनदाच घेतो." नोंदी मात्र सांगत होत्या की दुसरी कॉफी संध्याकाळी साडेपाचला होते, आणि तीही रोबस्टाची. कॅफीन शरीरातून निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. काहींना त्याहून कमी, काहींना बरेच जास्त. म्हणजे साडेपाचच्या कॉफीतले निम्मे कॅफीन साडेदहालाही अंगात होते. आम्ही दुसरी कॉफी दुपारी बाराला आणली आणि तिच्यात चिकोरी वाढवली. पंधरा दिवसांत झोप सुधारली आणि हाताचे कापणेही थोडे कमी झाले, कारण कॅफीनमुळे कंप वाढतो.

ज्येष्ठांनी कॉफी सोडावी असे मी सांगत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानले आहे. मात्र वयानुसार, आजारानुसार आणि औषधांनुसार ही मर्यादा खाली येते. काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. थायरॉइडची गोळी घेतल्यावर निदान अर्धा ते एक तास कॉफी घेऊ नये; गोळी नीट शोषली जात नाही. लोहाची गोळीही कॉफीसोबत घेऊ नये. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास कॉफी टाळावी. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असताना नेहमीच्याच कॉफीने धडधड होऊ शकते, कारण त्या औषधामुळे कॅफीन शरीरातून हळू बाहेर पडते. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर कागदी गाळणीतून गाळलेली कॉफी बरी. कोलेस्टेरॉल वाढवणारी कॉफीतील तेलकट द्रव्ये कागदात बऱ्याच अंशी अडकतात.

इथपर्यंत ही गोष्ट आनंदाचीच होती. गेल्या दिवाळीत तिला वळण लागले.

मुलगी चार दिवसांसाठी आली होती. डबीतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती करून ती पेनड्राइव्हवर प्रत काढायला बसली, तेव्हा शेवटची प्रत भाऊबीजेच्या अकरा आठवडे आधीची निघाली. अण्णा रविवार कधी चुकवत नसत. प्रत नीट निघाली की नाही हे पाहण्यासाठी तिने काही नोंदी उघडल्या आणि बराच वेळ ती तशीच बसून राहिली. रात्री अण्णा झोपल्यावर ती माझ्या खोलीत आली. "बाबा, हे तुम्ही एकदा बघा," एवढेच म्हणाली.

आम्ही दोघे त्या नोंदी पाहत बसलो. उन्हाळ्यापर्यंत सारे नीट होते. आषाढापासून बदल दिसू लागला. सकाळची कॉफी सहा वाजता लिहिलेली, आणि तीच पुन्हा सहा वाजून पंचवीस मिनिटांनी. प्रथम आठवड्यातून एकदा, पुढे तीनदा. पाण्याच्या रकान्यात १५० ऐवजी एकदा १५ तर एकदा १५००. कूर्गच्या बियांचे पाकीट गणेशोत्सवात संपले होते, तरी दसऱ्यापर्यंत रोजच्या नोंदीत तेच नाव. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी केलेल्या कॉफीच्या चार नोंदी. त्या रात्री गॅस पेटला होता आणि आम्ही सारे झोपलेलो होतो, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आकड्यांपेक्षा शेऱ्यांनी मला अधिक अस्वस्थ केले. ते आखूड होत गेले होते. "भिजलेल्या पोत्यांचा वास" लिहिणाऱ्या माणसाने त्याच मॉन्सून्ड मलबारसमोर नुसते "ठीक" लिहिले होते. एका ठिकाणी होते, "वास येत नाही. बिया शिळ्या?" त्या बिया भाजून आठच दिवस झाले होते. आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची एक नोंद अशी होती: "कालची दुसरी नोंद माझीच का? आठवत नाही. कोणाला सांगू नये."

म्हणजे अण्णांना कळले होते. आम्हाला कळले नव्हते.

तीस वर्षे मी दवाखान्यात बसतो. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन कोणी आले की सोबतच्या मुलाला किंवा सुनेला मी पहिला प्रश्न विचारतो, "रोजच्या कामात काही बदल जाणवला का?" तोच प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. कारण सोपे होते. अण्णा संध्याकाळी १९७४ च्या मे महिन्यातला रेल्वे संप तपशीलवार सांगत: कोण कामावर गेले, कोण गेले नाही, कोणत्या दिवशी कोणती गाडी निघाली. ज्यांना इतके आठवते त्यांच्या स्मरणशक्तीला काय झाले असणार, असे मी धरून चाललो होतो. जुन्या आठवणी बराच काळ शाबूत राहतात आणि कालचे, सकाळचे आधी निसटते, हे मला पुस्तकातून पाठ होते. ओळखीच्या, चार पायऱ्यांच्या कामात गोंधळ होणे हे गप्पांतल्या विसरण्यापेक्षा महत्त्वाचे लक्षण असते. वासाची जाणीव कमी होणेही पार्किन्सन्स किंवा अल्झायमरसारख्या आजारांत लवकर दिसू शकते. अर्थात वयाने, सर्दीने किंवा नाकाच्या विकारानेही वास कमी होतो. हे सारे मी इतरांना सांगत आलो होतो. रोज सकाळी हातात मिळणाऱ्या कॉफीत काही बदलले आहे का, हे मात्र मी पाहिले नाही.

मुलीच्या मनात वेगळीच बोच होती. "बाबा, या नोंदी कंपनीनं वाचू नयेत म्हणून मी त्या घरात ठेवल्या," ती म्हणाली, "आणि आपणच वाचल्या. कोणाला सांगू नये असं त्यांनी लिहिलंय, तेसुद्धा वाचलं." मी म्हणालो की त्यांच्या भल्यासाठीच वाचले. ती म्हणाली, "कंपन्याही असंच म्हणतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. घरची डबी बाहेरच्यांना थांबवते. घरातल्यांना थांबवणारे कुलूप तिच्यात नसते. ज्याच्या हाती तिची देखभाल, त्याला सारे दिसते. ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्या, बँकेची पुस्तके, फोनचे पासवर्ड यांचेही असेच असते. काळजी घेणाऱ्याला ते उघडावे लागतात. पण उघडण्याची गरज असणे आणि न विचारता उघडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे त्या रात्री मला उमगले. प्रत नीट निघाली का हे पाहताना पहिली नोंद दिसणे हा योगायोग होता. त्यानंतरच्या नोंदी आम्ही ठरवून वाचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कॉफी केली, तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. गोड बोलून तपासणीला न्यावे, नोंदींचा विषयच काढू नये, असा मोह झाला होता. तो आवरला. "अण्णा, काल आम्ही तुमच्या नोंदी वाचल्या. तुम्हाला न विचारता. चूक झाली," मी म्हणालो.

त्यांनी टंबलर खाली ठेवला. बराच वेळ ते आईच्या फोटोकडे पाहत होते. मग म्हणाले, "सगळ्या?"

"आषाढापासूनच्या."

"मग कळलंच असेल." थोड्या वेळाने म्हणाले, "विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, पण विचारायचं होतंस." मग नेहमीच्या मास्तरी सुरात म्हणाले, "चूक लपवायची नसते हे मी चार-चार शिकाऊ मास्तरांना शिकवलं. आता सांग, पुढं काय करायचं?"

आपल्या वडिलांवर आपण उपचार करू नयेत, एवढे शहाणपण मला होते. माझ्या एका वर्गमित्राकडे त्यांना नेले. त्याने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मधल्या वेळात घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. घड्याळ मास्तरांनी अचूक काढले. तीन शब्दांपैकी त्यांना एकच आठवला. मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या, कान तपासले, मेंदूचा एमआरआय झाला. स्मरणशक्ती कमी झाली की घरचे लोक लगेच 'डिमेन्शिया' असे नाव देऊन मोकळे होतात. पण थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातील सोडियम घटणे, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, कमी ऐकू येणे आणि औषधांचे परिणाम यांमुळेही असेच दिसते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. म्हणून तपासणी लांबवायची नसते. अण्णांचे ब-१२ बरेच कमी निघाले. ते शाकाहारी आहेत आणि मधुमेहासाठी चौदा वर्षे मेटफॉर्मिन घेतात. दीर्घकाळ घेतल्यास हे औषध ब-१२ चे शोषण कमी करते. दरवर्षी त्यांची साखर मी तपासत होतो. ब-१२ तपासायचे माझ्याकडून राहून गेले होते.

दुसरी गोष्ट औषधांची पिशवी टेबलावर ओतल्यावर कळली. पावसाळ्यात सर्दीसाठी आणलेली एक गोळी घेतल्यावर झोप छान लागते, असे अण्णांच्या लक्षात आले होते, आणि ते ती रोज रात्री घेत होते. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या अनेक गोळ्या ज्येष्ठांच्या मेंदूवर धूसरपणा आणतात, विसरणे आणि गोंधळ वाढवतात. त्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात, म्हणून निरुपद्रवी वाटतात.

गोळी बंद झाली. ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. कानात यंत्र आले. तीन महिन्यांत रात्रीच्या कॉफीच्या नोंदी थांबल्या. दुहेरी नोंदी आठवड्यातून तीनच्या महिन्यातून एक-दोन झाल्या. ही गोष्ट इथे संपवता आली असती तर मला फार आवडले असते. पण सारे भरून आले नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मित्राने स्मरण आणि विचारशक्तीतील सौम्य घट असे निदान केले. असे निदान झालेल्या प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया होतोच असे नाही. काहींची स्थिती वर्षानुवर्षे टिकून राहते, काहींची सुधारते, काहींची उतरत जाते. अण्णांचे काय होईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. आम्ही दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो.

घरात काही बदल केले. कॉफीचे पाणी आता गॅसवर तापत नाही. आपोआप बंद होणारी विजेची किटली आणली. मुलीने ॲपचे पान सोपे केले. पंधरा रकान्यांऐवजी चार मोठी बटणे आणि शेऱ्याची जागा. सकाळची नोंद आधीच झाली असेल तर पानावर "आजची सकाळची कॉफी झाली आहे" अशी ओळ येते. प्रोग्रॅम आपल्याच डबीत असल्याचा हा फायदा. माणूस बदलला तसे पान बदलता आले. रविवारची प्रत आता आपोआप निघते, आणि डबी कशी चालू करायची, प्रत कुठे असते, हे एका कागदावर लिहून फळीच्या आत चिकटवले आहे. नात पुण्याला असते. उद्या तिलाच यायला जमले नाही तर वही अडकू नये.

सर्वांत महत्त्वाचा बदल अण्णांनी सुचवला. रविवारी सकाळी ते स्वतः आठवड्याच्या नोंदी मला वाचून दाखवतात. एखादी वगळायची असेल तर वगळतात. मी त्यांच्या पाठीमागे पान उघडत नाही. मला काळजी वाटली तर विचारतो, आणि ते सांगतात. एकदा मी विचारले, "पुढं कधी तुम्हाला वाचणं जमलं नाही तर?" ते म्हणाले, "तेव्हा तू वाच. पण आधी माझ्यासमोर बसून सांग, की आता वाचतो. मला कळो, न कळो." हे मी लिहून घेतले आणि त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी आहेत त्यांना यातून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. संगणकाची डबी सर्वांना जमणार नाही आणि तिची गरजही नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. नोंद मात्र त्यांच्या आवडीच्या कामाची असावी. औषध घेतले की नाही, शौचाला झाले की नाही, अशा नोंदींत माणूस रुग्ण होऊन बसतो. बागेला पाणी घातले, पूजेला कोणती फुले मिळाली, पत्त्यांच्या डावात कोण जिंकले, कॉफी कशी झाली, या नोंदींत तो स्वतः असतो, आणि बदल झाला तर तोही तिथे दिसतो. एखाद्या दिवसाच्या चुकीवरून घाबरू नये. चूक प्रत्येकाची होते. दोन-तीन महिने सातत्याने दुहेरी कामे, ओळखीच्या पायऱ्या चुकणे, रात्री-अपरात्री उठून दिवसाची कामे करणे, आवडीच्या गोष्टीतला रस आटणे असे दिसले, तर डॉक्टरांकडे जावे. जाताना सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत, दुकानातून स्वतः आणलेलीसुद्धा. नोंद म्हणजे निदान नव्हे. ती फक्त डॉक्टरांना प्रश्न विचारायला मदत करते. आणि ती कोण वाचणार, केव्हा वाचणार, हे ज्याची नोंद आहे त्यालाच विचारून ठरवावे. त्याला सांगता येते आहे तोवर हे विचारून घ्यावे.

गेल्या रविवारी अण्णांनी वाचून दाखवलेल्या आठवड्यात एक दुहेरी नोंद होती. ती त्यांनी वगळली नाही. "चुकलं," असे म्हणून पुढे वाचू लागले. शुक्रवारी मॉन्सून्ड मलबारचे नवे पाकीट उघडले होते. शेरा असा होता: "वास फारसा येत नाही. पण लोंढ्याची पोती आठवली. साखर एक चमचा जास्त."